देणगी आणि ध्येय

शाळेचे चालक आणि निधी जमविणारे पालक यांच्यात मतभेद होतात, तेव्हा एक उदाहरण आठवावे. जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या शाहू बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवत. त्यांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले. तरीही बोर्डिंगचे नाव बदलण्याच्या अटीवर येऊ घातलेली मोठी देणगी भाऊरावांनी नाकारली. रयतेचे मूठभर धान्य मात्र आदराने स्वीकारले. १९४८ मध्ये सरकारी अनुदान थांबले, तेव्हा हीच रयत पाठीशी उभी राहिली. वर्गणीचा चोख हिशेब मागणे हा पालकांचा हक्क, ध्येय राखणे हे शाळेचे कर्तव्य. अनेकान्ताचा वारसा लाभलेल्या हिंगोलीच्या जैन समाजाने दोन्ही बाजू ऐकूनच निर्णय करावा.