शाळेआधीची घरशाळा : तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी

मूल तीन वर्षांचे झाले की लगेच नर्सरीत घालावे, की एक-दोन वर्षे घरीच ठेवून शिकवावे, हा प्रश्न बडोद्यातल्या आपल्या कुटुंबांत हल्ली वारंवार निघतो. हळदीकुंकवाला निघतो, गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना निघतो. घरी ठेवायचे ठरवलेल्या तरुण आई-वडिलांना पुढचा प्रश्न पडतो तो म्हणजे, दिवसभर करायचे काय? त्यांच्यासाठी, आणि दुपारी नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी ही माहिती एकत्र केली आहे. मुलाला शाळेत घातले असले तरी यातले बरेचसे संध्याकाळी करता येईल.

आधी नियमांचे पाहू. शिक्षणहक्क कायदा (२००९) ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू आहे. त्याआधीच्या वयात मुलाला कुठल्याही वर्गात घालण्याची सक्ती नाही. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे जुलैत जन्मलेले मूल पहिलीत जाईल तेव्हा सात वर्षांचे व्हायला आलेले असते. एवढा मोठा काळ हाताशी असताना अडीच वर्षांच्या मुलाच्या पाठीला दप्तर लावण्याची घाई कशाची, हे आम्हाला कळत नाही. एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्यावी. काही खाजगी शाळांत बहुतेक जागा शिशुवर्गातच भरतात आणि पहिलीला थोड्याच उरतात. मनात असलेल्या शाळेची पद्धत वर्षभर आधी माहीत असलेली बरी.

घरातल्या साध्या वस्तूंनी लहान मुलांना शिकवण्याची कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. तिचा एक मोठा धागा गुजरात आणि महाराष्ट्र यांच्यामधूनच गेला आहे. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. मराठी घरातली ही बाई गुजराती मुलांमध्ये काम करत राहिली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत तिचा मोठा वाटा होता, आणि तेच काम तिने पुढे मराठीत आणले. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जे केले, ते आपल्या विषयाला फार जवळचे आहे. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती, गावातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, काड्या, खडे, पाने अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंपासून साधने केली. मुले वर्गात येत नाहीत म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. तेव्हा चकचकीत खोक्यातले ‘शैक्षणिक’ खेळणे घेतले नाही म्हणून मुलाचे काही अडते आहे असे वाटू देऊ नये.

स्वयंपाकघर हाच पहिला वर्ग

आपल्या घरांत मराठी कशी कमी होते याकडे जरा लक्ष द्या. क्रियापदे राहतात आणि नामे जातात. ‘हँड धू’, ‘स्पूनने खा’, ‘रेड बॉल आण’. मुलाला ‘रेड’ येते, ‘तांबडा’ येत नाही. पुढे शाळा सुरू झाली की दिवसाचे पाच-सहा तास इंग्रजी आणि गुजरातीला जातात, आणि शाळेत मराठी मिळेलच असे नाही. मुलाचा सबंध दिवस मराठीत जाऊ शकतो अशी वर्षे सहाच्या आतलीच. ती अक्षरे गिरवण्यात घालवण्यापेक्षा शब्दांनी भरावीत असे आमचे स्पष्ट मत आहे.

शब्द हाताने काम केले की पक्के होतात. पीठ चाळतात, चहा गाळतात. दोन्हींत भोके असलेली वस्तूच लागते, पण शब्द वेगळे. हा फरक चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही, दोन्ही कामे एकदा त्याच्या हातून झाली की पुरे. मटार सोलणे, तांदूळ निवडणे, काकडी किसणे, वेलची कुटणे, ताक घुसळणे, कणीक मळणे, छोटी पोळी लाटणे. भांडी आधी घासायची, मग विसळायची, मग पुसायची. कपडे पिळायचे, झटकायचे, वाळत घालायचे, घड्या घालायच्या. सकाळच्या दोन तासांत वीस क्रियापदे सहज होतात. आणि सोलणे, पिळणे, मळणे यांनी बोटांत जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते.

मुलाला खरे काम द्यावे, लुटूपुटूचे नव्हे. त्याने सोललेले मटार भाजीत पडले पाहिजेत आणि त्याची वेडीवाकडी पोळी कोणीतरी आवडीने खाल्ली पाहिजे. वेळ तिप्पट लागतो हे खरे. म्हणून हे रोजच्या घाईत न करता सुटीच्या दिवशी किंवा दुपारी करावे. विळी, गॅस आणि मिक्सर मात्र त्यापासून लांब ठेवावेत.

हाताला सवड नसेल तेव्हा भातुकली आहेच. तिच्यात मूल घरातली भाषा जशीच्या तशी वापरते. कोण कोणाला कसे बोलते, पाहुणा आला की काय म्हणायचे, आजारी माणसाला काय विचारायचे, सगळे त्यात येते. मोठ्यांनी तिथे शिकवायला जाऊ नये. बोलावले तर पाहुणे होऊन जावे आणि खोटा चहा प्यावा.

दोन च, दोन ज

हा भाग आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो पुस्तकातून शिकता येत नाही. ‘चमचा’ आणि ‘चिमटा’ यांतला पहिला च सारखा लिहिला जातो, पण बोलताना वेगळा असतो. ‘जाळी’ आणि ‘जिरे’, ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांचेही तसेच. प्रमाण गुजरातीत आणि हिंदीत यांतला एकच, चिमट्यातला च आहे. त्यामुळे बडोद्यात वाढणारी आपली पुष्कळ मुले चाक आणि चूलही चिमट्यातल्या च ने म्हणतात. आजीला ते खटकते, मुलाला काय चुकले ते कळत नाही. लिपीत हा फरक दिसत नसल्याने तो कानानेच यायला हवा, आणि कान या वयात तयार होतात.

यासाठी एक खेळ आहे. दोन टोपल्या घ्या. एकीत चमचा ठेवा, दुसरीत चिमटा. मग घरभर फिरून वस्तू आणायच्या, नाव मोठ्याने म्हणायचे आणि कोणत्या टोपलीत घालायची ते ठरवायचे. चाळणी आणि चटई चमच्याकडे, चेंडू आणि चिवड्याचा डबा चिमट्याकडे. दुसऱ्या दिवशी ज घ्या : जाळी, जुना जोडा एकीकडे, जिरे आणि जेवणाचे ताट दुसरीकडे. मुलाने चुकीच्या टोपलीत घातले तर ‘चूक’ म्हणू नका. शब्द आपण एकदा नीट म्हणावा आणि पुढच्या वस्तूकडे जावे. नंतर हाच खेळ वस्तूंशिवाय, गाडीत बसल्या बसल्या नुसत्या शब्दांवर खेळता येतो. शेवटच्या अक्षराने सुरू होणाऱ्या भेंड्या साधारण पाचव्या वर्षापासून जमतात.

नात्यांचे शब्दही असेच निसटतात. शेजारच्या मुलांची फोई असते, म्हणून आपलीही आत्या फोई होते. घरातल्या लग्नांचे फोटो काढून त्यांची पत्त्यांसारखी पाने करावीत. ‘आईचा भाऊ कुठे आहे?’ ‘बाबांची बहीण शोध.’ दूर पुण्याला किंवा इंदूरला असलेली माणसे यातून ओळखीची होतात.

मोजणे

शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणे आणि मोजता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्यांसमोर पन्नासपर्यंत म्हणून दाखवणाऱ्या मुलाला ‘सात वाट्या आण’ सांगून पाहा, बहुतेकदा पाच किंवा नऊ येतात. पाने घेताना ताटे-वाट्या मांडणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. माणसे किती, पाट किती, एक कमी पडला का? चिंचोक्यांची एकी-बेकी, सागरगोटे, सापशिडी यांतून वीसपर्यंतची संख्या पक्की होते आणि या वयाला तेवढी पुरते. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव ही नावे अवघडच आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी पद्धत आल्यावर केवढा वाद झाला होता! पाच वर्षांच्या मुलाला त्यात ओढायची गरज नाही. त्याऐवजी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द वाटी आणि चमच्याने रोज कानावर पडू द्यावेत.

आणखी एक गंमत करून पाहा. फुलपात्रातले पाणी उंच पेल्यात ओता आणि विचारा, आता पाणी जास्त झाले का? पाच वर्षांचे मूल बहुधा ‘हो’ म्हणेल. ते दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. सहा-सात वर्षांच्या सुमारास उत्तर आपोआप बदलते. त्याआधी पढवलेले उत्तर नुसते पाठ होते.

सणांत तर हे सगळे आयते मिळते. उत्तरायणाला पतंगाचे आकार आणि रंग, नवरात्रात गरब्याच्या दोन टाळ्या, तीन टाळ्या आणि त्याच दिवसांत भोंडल्याची खिरापत ओळखणे, दिवाळीत किल्ल्याची माती कालवणे.

लिहिण्याची घाई नको

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्हींचा भर या वयात खेळावर आणि घरच्या भाषेवर आहे. तीन ते सहा या वयात पाठ्यपुस्तके लावू नयेत असे आराखडा सांगतो. तरी साडेतीन वर्षांच्या मुलाला पानभर ‘अ’ गिरवायला बसवणारे क्लास आहेत आणि तिथे पैसे भरणारे आई-वडीलही आहेत.

घरी एवढेच करावे : ताटात रवा पसरून बोटाने रेघा, गोल, लाटा काढू द्याव्यात. फरशीवर खडूने ठिपक्यांची रांगोळी जोडू द्यावी. अक्षरांत रस दिसला, सहसा तो आपल्या नावापासून दिसतो, तर नावाचीच अक्षरे आधी द्यावीत. देवनागरी आणि गुजराती लिपी एकाच वेळी सुरू करू नये. ग, न, म, त, र ही अक्षरे वरची रेघ सोडली तर दोन्हींत जवळजवळ सारखी आहेत, पण क, ख, ज, ब, फ वेगळी आहेत, आणि ही अर्धी ओळख मुलाला गोंधळात टाकते. एक लिपी वाचता आली की दुसरी पटकन येते. गुजराती पहिली आली तरी बिघडत नाही. मात्र रोज रात्री मराठी गोष्ट वाचून दाखवणे थांबवू नये. चिऊ-काऊची किंवा म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट मूल शंभरदा मागते. शंभरदा सांगावी, आणि मधेच थांबून पुढचा शब्द त्याच्याकडून घ्यावा.

सांभाळायच्या गोष्टी

चिंचोके, वाटाणे, राजमा यांचे खेळ तीन वर्षांखालील भावंडे जवळ असताना मांडू नयेत, बी नाकात किंवा घशात जाते. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर असते, पण तिची बी विषारी आहे. ती खेळात अजिबात नको. पडद्यासमोरचा वेळ दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये म्हटले आहे. मराठी गाण्यांचे व्हिडिओही त्या तासातच धरावेत. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी. फ्लॅटमध्ये ते जमत नाही. सकाळ-संध्याकाळ मैदान किंवा बाग हवीच, आणि तिथे गुजराती बोलणारे सवंगडी मिळाले तर उत्तम.

घरी शिकवण्यात खरी उणीव असते ती बरोबरीच्या मुलांची. जवळपासच्या तीन-चार घरांनी आठवड्यातून दोनदा एकत्र यावे, एकदा एकाच्या घरी, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, भांडणे आणि पुन्हा खेळायला लागणे एकट्या मुलाला शिकता येत नाही.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते असा समज आपल्यात घट्ट आहे, आणि मग ‘घरात एकच भाषा बोला’ म्हणून मराठीवरच गदा येते. दोन भाषा ऐकण्याने बोलणे लांबत नाही. दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर भाषा न बदलता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कानांची तपासणी आधी करून घ्यावी.