स्टार ट्रेक (चित्रकथा)

'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेवर आधारलेल्या चित्रकथा १९६७ पासून निरनिराळ्या प्रकाशनसंस्थांनी प्रसिद्ध केल्या आहेत. मूळ दूरचित्रवाणी मालिका १९६९ मध्ये बंद पडली आणि तिच्यावरील पहिला चित्रपट १९७९ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. मधल्या दशकात १९७३-७४ मधील सचेतनपटांची मालिका वगळता या पात्रांच्या नव्या कथा चाहत्यांना नियमितपणे मिळत राहिल्या, त्या मुख्यतः चित्रकथांतून. मालिकेत अपुरी राहिलेली 'पाच वर्षांची मोहीम' पूर्ण करून दाखविण्याचा प्रयत्नही पुढे चित्रकथांनीच तपशीलवार केला. मात्र या कथांना मालिकेच्या अधिकृत कथाविश्वात स्थान मिळालेले नाही.

== पार्श्वभूमी ==

जीन रॉडेनबेरी यांनी निर्माण केलेली ही मालिका एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. कप्तान कर्क, त्याचा परग्रहवासी सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय ही तिच्यातील प्रमुख पात्रे होत. त्यांचे 'एंटरप्राइझ' हे अंतराळयान पाच वर्षांच्या शोधमोहिमेवर निघाले आहे, असे प्रत्येक भागाच्या आरंभीच्या निवेदनात सांगितले जाई. प्रेक्षकसंख्या अपुरी असल्याने दुसऱ्या वर्षीच मालिका बंद होण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रे पाठविण्याची मोठी मोहीम चालविली आणि मालिकेला आणखी एक वर्ष मिळाले. तथापि ३ जून १९६९ रोजी ७९ व्या भागानंतर तिचे प्रसारण थांबले. त्यामुळे पडद्यावरील मोहीम तीनच वर्षे चालली.

== गोल्ड की (१९६७–१९७९) ==

वेस्टर्न पब्लिशिंग या संस्थेने 'गोल्ड की' या नावाखाली काढलेली चित्रकथा ही यांतील पहिली होय. मालिका चालू असतानाच ती सुरू झाली आणि मालिका बंद पडल्यानंतरही दहा वर्षे चालत राहिली. तिचे एकूण ६१ अंक निघाले.

आरंभीचे अंक नेव्हिओ झेकारा यांनी व त्यानंतरचे बहुसंख्य अंक आल्बेर्तो जोलित्ती यांनी चितारले. हे दोघेही इटालियन होते व त्यांनी मालिका पाहिलेली नव्हती. अमेरिकेहून पाठविलेल्या छायाचित्रांवरून ते चित्रे काढीत. यामुळे प्रमुख नटांचे चेहरे हुबेहूब उतरले, पण यानाच्या इंजिनांतून अग्निबाणासारख्या ज्वाळा बाहेर पडताना दिसू लागल्या. मालिकेत असे कधीच दाखविले नव्हते.

कथांच्या आशयातही अंतर होते. पहिल्या अंकात नरभक्षक वनस्पतींचा एक ग्रह येतो आणि कथेच्या शेवटी एंटरप्राइझ त्या ग्रहावरील वनस्पतिसृष्टी नष्ट करते. परक्या जीवसृष्टीत ढवळाढवळ करू नये, या मालिकेतील मूळ तत्त्वाशी हा शेवट विसंगत होता. १९७० च्या दशकात लेन वीन यांच्यासारखे मालिकेचे जाणकार लेखक आल्यावर कथा मूळ पात्रांच्या स्वभावाशी अधिक जुळू लागल्या.

== ब्रिटनमधील चित्रमालिका ==

ब्रिटनमध्ये चित्रकथा मालिकेच्याही आधी पोहोचली. 'जो ९०: टॉप सीक्रेट' या मुलांच्या साप्ताहिकात जानेवारी १९६९ पासून स्टार ट्रेकची चित्रमालिका येऊ लागली. बीबीसीने मालिकेचे प्रसारण १२ जुलै १९६९ रोजी सुरू केले. आरंभीच्या भागांत कप्तानाचे नावही 'कर्क'ऐवजी 'कर्ट' असे छापले गेले होते. ही चित्रमालिका पुढे 'टीव्ही २१' या साप्ताहिकात १९७३ पर्यंत चालली.

== मार्व्हल आणि डीसी ==

चित्रपटानंतर हक्क मार्व्हलकडे गेले. तिच्या मालिकेचे १९८० ते १९८२ या काळात १८ अंक निघाले. करारानुसार मार्व्हलला केवळ चित्रपटात आलेल्या गोष्टीच वापरता येत, त्यामुळे जुन्या मालिकेतील प्रसंगांचा आधार लेखकांना घेता येत नसे.

डीसी कॉमिक्सची पहिली मालिका १९८४ ते १९८८ या काळात चालली व तिचे ५६ अंक निघाले. आरंभीचे लेखन माइक बार यांचे आणि चित्रे टॉम सटन यांची होती. चालू चित्रपटांच्या सोबतीने कथा पुढे नेणे किती अवघड असते, याचे ही मालिका चांगले उदाहरण आहे. १९८४ च्या चित्रपटाच्या अखेरीस एंटरप्राइझ नष्ट झालेले असते. कथा चालू ठेवण्यासाठी डीसीने कर्कला 'एक्सेल्सियर' या यानावर नेमले व स्पॉकला दुसऱ्या यानाचे कप्तानपद दिले. परंतु १९८६ चा चित्रपट आधीचा चित्रपट जेथे संपला होता तेथूनच सुरू होणार होता. म्हणून लेखकांना सर्व पात्रे पुन्हा मूळ जागी आणून ठेवावी लागली. डीसीची दुसरी मालिका १९८९ ते १९९६ या काळात ८० अंकांपर्यंत चालली.

== आयडीडब्ल्यू आणि अपुरी मोहीम ==

२००७ पासून या चित्रकथा आयडीडब्ल्यू ही संस्था प्रसिद्ध करू लागली. तिने मूळ मालिकेच्या न घडलेल्या वर्षांकडे थेट लक्ष वळविले. 'इयर फोर' (२००७-०८) या मालिकेत मोहिमेचे चौथे वर्ष आले. तिच्या पुढील भागाच्या लेखनात मूळ मालिकेच्या पटकथालेखिका डी. सी. फोंटाना यांचा सहभाग होता. १९६८ मध्ये प्रसारित झालेल्या स्वतःच्याच एका कथेचा धागा त्यांनी येथे चाळीस वर्षांनी पुढे नेला. मोहिमेचे अखेरचे वर्ष 'इयर फाइव्ह' (२०१९–२०२१) या २५ अंकांच्या मालिकेत आले. जॅक्सन लॅन्झिंग आणि कॉलिन केली हे तिचे प्रमुख लेखक होत.

याच संस्थेने २०१४ मध्ये हार्लन एलिसन यांची 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' ही पटकथा तिच्या मूळ रूपात चित्रकथा म्हणून आणली. १९६७ मध्ये प्रसारणापूर्वी तिच्यात मोठे बदल करण्यात आले होते व एलिसन यांना ते अखेरपर्यंत मान्य नव्हते. जॉन बर्न यांच्या 'न्यू व्हिजन्स' या मालिकेत जुन्या भागांतील छायाचित्रे जोडून नव्या कथा सांगितल्या आहेत.

== अधिकृततेचा प्रश्न ==

हक्कधारकांच्या धोरणानुसार पडद्यावर जे दाखविले गेले तेच अधिकृत कथाविश्व मानले जाते. कादंबऱ्या व चित्रकथा परवान्याने निघत असल्या, तरी पुढील मालिकांच्या व चित्रपटांच्या लेखकांवर त्यांचे बंधन नसते. त्यामुळे चौथ्या व पाचव्या वर्षांच्या कथा कोणताही नवा चित्रपट वा मालिका रद्द ठरवू शकते. मात्र लेखकांना याच मोकळिकीमुळे अधिक धाडसी कथा लिहिता आल्या आणि पटकथेच्या मूळ खर्ड्यासारखे बाजूला पडलेले लेखन वाचकांसमोर आले.

== भारतातील संदर्भ ==

भारतीय प्रेक्षकांना मूळ मालिकेचा परिचय १९८० च्या दशकात दूरदर्शनवरून झाला. त्या काळात मुंबईहून निघणाऱ्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून (१९६४–१९९०) वेताळ, मँड्रेक व फ्लॅश गॉर्डन यांच्या चित्रकथा मराठीसह अनेक भारतीय भाषांत येत असत. अंतराळप्रवासाच्या विषयावर दूरदर्शनने पुढे 'स्पेस सिटी सिग्मा' आणि केतन मेहता निर्मित 'कॅप्टन व्योम' (१९९८) या हिंदी मालिका दाखविल्या. यांपैकी दुसरीत मिलिंद सोमण यांनी प्रमुख भूमिका केली होती.