परक्या मुलखातली जमीन

आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त सावंतवाडीकडून अळणावरला आले तेव्हा त्यांना कानडीचे चार शब्दही येत नव्हते. घरासाठी त्यांनी जागा घेतली ती शेजारच्या जागेच्या जवळजवळ दीडपट भावाने. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "जागेचे पैसे दिले ते निराळे, आणि कानडी न येण्याचा दंड भरला तो निराळा." मी सिव्हिलचा डिप्लोमा करून सर्व्हे खात्यात लागलो. मोजणीच्या कामात असा दंड भरणारी माणसे मला नेहमी भेटतात. २०२० साली कर्नाटकच्या भूसुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे गेली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. तेव्हापासून तर जास्तच.

परक्या माणसाला जमीन महाग का पडते, आणि पडू नये म्हणून आधीच्या लोकांनी काय केले, हे वाचत गेलो तेव्हा आपल्याच कोकणच्या माणसांची एक हकीकत हाती लागली. ती घडली हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर.

१८३४ पासून तिथल्या ऊसमळ्यांसाठी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून करारावर मजूर नेण्यात आले. मुंबईच्या जहाजांतून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूचे लोक पुष्कळ होते. पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचे पैसे कापत. करार संपला तरी सुटका नव्हती; १८६७ च्या कायद्यानंतर जुन्या मजुराला स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे, नाहीतर पोलीस धरून नेत. १८७१ साली द प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानेच या मजुरांच्या तक्रारीचा अर्ज लिहिला. त्यावर नऊ हजारांहून जास्त सह्या व अंगठे पडले आणि चौकशीला शाही आयोग आला.

या माणसांनी पुढे जमिनी घेतल्या. कशा, ते पाहण्यासारखे आहे.

युरोपात बीटची साखर वाढली, उसाच्या साखरेचा भाव पडला आणि १८८० च्या सुमारास फ्रेंच वंशाचे मळेवाले कर्जात बुडाले. त्यांनी मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. याला तिथे 'ग्राँ मोर्सेलमाँ', म्हणजे मोठी तुकडेवाटणी, म्हणतात. ती पुढे तीस-चाळीस वर्षे चालली. जमिनीचे माप अर्पाँ. एक अर्पाँ म्हणजे आपले साधारण पावणेबेचाळीस गुंठे. (आमच्या खात्यातल्या माणसाला आधी हेच सुचते, वाचकांनी क्षमा करावी.)

आता भाव कसा चढायचा ते पाहा. अख्खा मळा किंवा त्याचा मोठा भाग एखादा दलाल ठोक घ्यायचा आणि एकेक-दोनदोन अर्पाँचे तुकडे करून चढ्या दराने विकायचा. हे दलाल पुष्कळदा हिंदुस्थानीच असत, आपल्याच बोलीत गोड बोलणारे. खरेदीखत नोटरीपुढे व्हायचे, तेही फ्रेंच भाषेत. घेणाऱ्याला त्यातले अक्षर कळत नसे. काही रक्कम रोख आणि बाकीची हप्त्यांनी, व्याजासह. चांगली जमीन मालक स्वतःकडे ठेवी. तुकडे पडायचे ते बहुधा खडकाळ नाहीतर दूरच्या जमिनीचे. आणि ऊस पिकला की तो घालायचा त्याच मालकाच्या गिरणीत, गिरणी देईल त्या भावाने. म्हणजे खतावर लिहिलेली किंमत हा एक भाग झाला. दुसरा भाग दरवर्षी गिरणीच्या काट्यावर वसूल होत होता.

तरीही हे लोक निव्वळ फसले असे म्हणता येत नाही. ज्या जमिनीचा तुकडा घेतला तीवर बहुतेकांनी दहा-पंधरा वर्षे खुरपी चालवली होती. पाणी कुठे मुरते, दगड कुठे लागतो, हे शहरात राहणाऱ्या मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. काहींनी आधी भाड्याने कसून पाहिली, मग घेतली. कुठे नातलगांनी किंवा एका जहाजातून आलेल्यांनी पैसे एकत्र केले. आणि मुख्य म्हणजे त्यांनी घाई केली नाही. पाच रुपयांतून शिल्लक टाकत थांबले आणि विकणाऱ्याला गरज पडली तेव्हा पुढे झाले. व्याजाचा जाच मात्र बराच काळ राहिला. १९१३ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तेव्हा कुठे त्यावर थोडा इलाज सापडला.

विकणारा अडला की परक्याचे फावते, याचा एक दाखला मराठ्यांच्या इतिहासातही आहे, पण तिथे विकणारे आपण होतो. १६९० साली छत्रपती राजाराम महाराज जिंजीत मोगलांशी झुंजत होते, पैशाची चणचण होती. तेव्हा मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल याने कंपनीसाठी कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला विकत घेतला. सोबतची जमीन किती, तर किल्ल्यावरून उडवलेला तोफेचा गोळा जाईल तिथपर्यंत. इंग्रजांनी त्यासाठी मद्रासहून चांगली तोफ आणि कसबी गोलंदाज पाठवला! त्या हद्दीतली गावे पुढे 'तोफगोळ्याची गावे' म्हणूनच ओळखली गेली. मोजणीच्या नोकरीत मी साखळीपासून यंत्रापर्यंत सगळे पाहिले, पण हद्द वाढवायची अशी युक्ती कुठे पाहिली नाही. मॉरिशसच्या मजुराजवळ तोफ नव्हती, खुरपे होते.

मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा गावी एका मराठी घरात झाला असे सांगतात. तेव्हा तुकडेवाटणी जोरात चालू होती. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आणि १९७५ च्या कायद्याने परदेशी माणसाला तिथे जमीन घ्यायची तर सरकारची परवानगी लागते. एके काळी परके असलेल्यांची नातवंडे-पतवंडे आता त्या कायद्याच्या अलीकडच्या बाजूला आहेत.

आमचे आजोबाही शेवटी अळणावरचेच झाले. निवृत्तीनंतर कोकणाकडून कोणी नवा माणूस जागा शोधत आला की लोक त्याला आमच्याकडे पाठवत. आजोबा आधी विचारायचे, "जागा दाखवली कोणी?" मग चहा पाजून, काथ्याची दोरी काखेत मारून त्याच्याबरोबर निघायचे, आणि वाटेत आजूबाजूच्या तीन घरी थांबून, आता अस्खलित झालेल्या कानडीत, गेल्या वर्षी इथे काय भावाने खरेदी झाली ते विचारत जायचे.