विमानवाहतुकीतील इंग्रजी

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या रेडिओ-संभाषणाची सामाईक भाषा. हे संभाषण जमिनीवरील केंद्राच्या भाषेतही चालू शकते. मात्र आंतरराष्ट्रीय मार्गांवरील केंद्रांना मागणी होताच इंग्रजीत बोलावे लागते. उंची, दिशा, धावपट्टी, परवानगी यांसाठी ठरावीक शब्दयोजना असते आणि मिळालेली सूचना वैमानिकाने परत उच्चारून दाखवायची असते.

रोजच्या कामाला एवढे पुरते. काही अनपेक्षित घडले की पाठ केलेली वाक्ये संपतात आणि खरी भाषा लागते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्ककडे येताना वाटेत एकूण तासाहून अधिक काळ घिरट्या घालत होते. सहवैमानिकाने इंधन संपत आल्याचे कळवले, प्राधान्यही मागितले. पण आणीबाणी जाहीर करणारा शब्द त्याने उच्चारला नाही आणि नियंत्रकांना निकड उमगली नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ जण दगावले.

भारताच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना हरियाणातील चरखी दादरीची. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्युशिन-७६ हवेत एकमेकांवर आदळले. दोन्हींतील सर्व ३४९ जण ठार झाले. सौदी विमानाला १४,००० फुटांची, तर कझाक विमानाला १५,००० फुटांची उंची दिलेली होती. कझाक विमान तिच्याखाली उतरले. त्यातला नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ-अधिकारी वेगळा, विमान चालवणारे वेगळे. शिवाय त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. न्या. लाहोटी यांच्या चौकशीत इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाचा मुद्दा पुढे आला. तरीही सगळा दोष भाषेवर टाकणे अन्यायाचे होईल: येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता आणि दिल्लीच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने (इकाओ) याविषयी ठराव केला. त्यातून आलेली भाषा-पात्रतेची अट मार्च २००८ पासून लागू झाली; तयारी न झालेल्या देशांना २०११ पर्यंत सवलत मिळाली. पात्रतेच्या सहा पातळ्या आहेत. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद यांपैकी सर्वांत कमी गुण तीच अंतिम पातळी ठरते. आंतरराष्ट्रीय कामाला किमान चौथी लागते आणि तिची फेरपरीक्षा तीन वर्षांनी घेण्याची शिफारस आहे. सहाव्या पातळीला फेरपरीक्षा नाही. इंग्रजी मातृभाषा असलेले बहुधा याच पातळीवर असतात. त्यांनीही घाईत, बोलीभाषेत बोलणे टाळले पाहिजे, ही अपेक्षा इकाओच्या मार्गदर्शिकेत आहे, आणि तिचा आग्रह चौथ्या पातळीच्या परीक्षेइतकाच धरला जायला हवा.