गाव तिथेच, राज्य बदलते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, या प्रश्नावर २३ जून २०१६ रोजी तिथल्या मतदारांनी कौल दिला. ५१.९ टक्के म्हणाले बाहेर पडू, ४८.१ टक्के म्हणाले राहू. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पद सोडण्याची घोषणा केली. पुन्हा मतदान घ्या, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर चाळीस लाखांहून अधिक सह्या झाल्या. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते. 'आम्ही नको म्हटले तरी आम्हांला बाहेर का नेता?' असा त्यांचा सवाल होता. घराघरांत बाप एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला अशी स्थिती झाली. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडले.

त्या दिवसांत चंद्रपुरात या बातम्यांवर चांगलीच चर्चा व्हायची. मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे लोक मला थांबवून विचारायचे. एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. तो म्हणाला, ''सर, त्यांचे भांडण पुढचे आहे. त्यांना निदान विचारले तरी. आपल्याला कुणी कधी विचारले होते?''

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधायला पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

चांद्याचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, औरस पुत्र नव्हता, म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. एका सहीने चांद्याचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. चार वर्षांनी याच जंगलात मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. त्या उठावाची कारणे अनेक होती. पण न विचारता लादलेल्या सत्तेविरुद्ध या मातीतून उमटलेली ती पहिली मोठी प्रतिक्रिया, असे मी वर्गात सांगत असे.

सिरोंचाची गोष्ट आणखी निराळी. गोदावरीच्या डाव्या तीरावरचा तो भाग १८६० च्या तहात निजामाने इंग्रजांना दिला. सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. १८७४ मध्ये तो जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. तिथल्या माणसाची बोली तेलुगू, सोयरीक नदीपलीकडे, आणि कचेरी मात्र चांद्याला. पलीकडे राजुऱ्याचे उलटे झाले. राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात. एकाच आजोबाने निजामाचे, हैदराबादचे, मुंबईचे आणि महाराष्ट्राचे राज्य पाहिले, आणि तेही आपल्या ओसरीवरून न उठता.

आता विदर्भाच्या प्रश्नाकडे येऊ. ही मागणी परवाची नाही. १९३८ मध्येच मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी भाषक भागाचा वेगळा प्रांत करावा, असा ठराव केला होता. स्वातंत्र्यानंतर फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. आयोगाने १९५५ च्या अहवालात आठ जिल्ह्यांचे विदर्भ राज्य करावे, अशी शिफारस केली. त्या आठांत चांदा होते. हे राज्य आपल्या पायावर उभे राहू शकेल, असेही आयोगाचे मत होते. त्याआधी १९५३ मध्ये नागपूर करार झाला होता. मराठी प्रदेश एक झाला तर खर्चाचा, नोकऱ्यांचा, शिक्षणाचा वाटा विदर्भाला लोकसंख्येप्रमाणे मिळेल, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात होईल, असे पुढाऱ्यांनी लिहून दिले होते. करारावर सह्या पुढाऱ्यांच्या होत्या. मतदाराला सही करायची वेळ आली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. चांद्याच्या माणसाची राजधानी एका रात्रीत नागपूरहून मुंबईला हलली. दीडशे किलोमीटरचे अंतर हजाराच्या घरात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. लोकांची प्रतिक्रिया दोन्ही प्रकारची होती आणि दोन्ही खऱ्या होत्या. मराठी माणसांचे एक राज्य झाले याचा आनंद होता. आपले आता मुंबईला कोण ऐकणार, ही धास्तीही होती.

ही धास्ती मतपेटीतून दिसली. १९६२ च्या निवडणुकीत विदर्भवादी लोकनायक बापूजी अणे नागपुरातून लोकसभेवर गेले. चांद्यातून लाल श्यामशाह अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांचा आग्रह विदर्भाचा नव्हे, गोंडवानाचा होता. म्हणजे वेगळे व्हायचे तर कुणी आणि कुणापासून, यावरच इथे दोन मते होती. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव नाग-विदर्भ आंदोलन समितीचे नेते होते. ते १९७७ मध्ये चंद्रपूरचे खासदार झाले. दुसरीकडे त्याच १९६२ च्या नोव्हेंबरात चांद्याचे मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ज्या जिल्ह्यातून वेगळे होण्याची हाक येत होती, त्याच जिल्ह्यातला माणूस अख्ख्या महाराष्ट्राचा कारभार पाहू लागला. मग चांद्याचा कौल कुठल्या बाजूने समजायचा?

माझे म्हणणे इथेच आहे. निवडणुकीतले मत हे अनेक गोष्टींचे एकत्र गाठोडे असते. उमेदवार कोण, जात कुठली, रस्ता झाला का, धानाला भाव मिळाला का, हे सगळे त्यात असते. त्या गाठोड्यातून एका प्रश्नाचे उत्तर काढता येत नाही. म्हणून विदर्भवादी म्हणतात लोक आमच्या बाजूला आहेत, आणि अखंड महाराष्ट्रवालेही तेच म्हणतात. दोघांनाही खोटे ठरवता येत नाही, कारण तो एकच प्रश्न लोकांना कधी सरकारी मतपत्रिकेवर विचारला गेलाच नाही. २०१३-१४ च्या सुमारास विदर्भात काही संघटनांनी स्वतःहून जनमत घेतले आणि वेगळ्या राज्याला प्रचंड पाठिंबा मिळाल्याचे सांगितले. पण त्या मोजणीला कायद्याचा आधार नव्हता, आणि ज्यांना वेगळे व्हायचे नाही ते अशा पेटीकडे सहसा फिरकत नाहीत. २०१४ मध्ये छोट्या राज्यांचा पुरस्कार करणाऱ्या भारतीय जनता पक्षाला विदर्भातल्या ६२ पैकी ४४ जागा मिळाल्या. राज्य काही झाले नाही. मार्च २०१६ मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मतदानाच्या तीनच महिने आधी, महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या राज्यांसंबंधीच्या आपल्या वक्तव्यांवरून वाद पेटल्यावर राजीनामा दिला. ते बापूजी अण्यांचे नातू.

आपल्या राज्यघटनेत राज्य तोडण्या-जोडण्याचा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. संबंधित विधानसभेचे मत मागवायचे असते, ते बंधनकारक नसते. लोकांना थेट विचारल्याची उदाहरणे मोजकी आहेत. जुनागढ १९४८, सिक्कीम १९७५, आणि आपल्या सर्वांत जवळचे म्हणजे गोवा.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. फरक ३४ हजारांचा. गोव्यात एका बाजूला जल्लोष, दुसऱ्या बाजूला सुतकी शांतता. महाराष्ट्रातही अनेकांना तो निकाल लागला, कारण मराठी बोलणारा, मराठीत आरती म्हणणारा माणूस 'नको' म्हणेल, हे इथे कुणाला वाटलेच नव्हते. पण त्यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. दोन-अडीच महिन्यांनी गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष विलीनीकरण मागत होता, त्यांनाच लोकांनी पुन्हा सत्तेवर बसवले. महाराष्ट्रात जायचे नाही, पण कारभार भाऊंनीच करावा! एकच मतदार दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे देऊ शकतो. त्याला प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत, एवढेच.

विचारले की सगळे सुरळीत होते, असा मात्र याचा अर्थ नाही. एकाने घर सोडले की शेजाऱ्याच्या भिंतीलाही तडा जातो, आणि शेजाऱ्याला मत नसते. ब्रिटनच्या कौलानंतर आयर्लंडच्या सीमेवरच्या गावांनी हे अनुभवले. आपल्या गडचिरोलीनेही ते अनुभवले आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी पूर्वेचा शेजारी मध्य प्रदेश होता तो छत्तीसगड झाला. २ जून २०१४ रोजी दक्षिणेचा शेजारी आंध्र होता तो तेलंगणा झाला. नव्या तेलंगणाने आपल्या शेतीसाठी गोदावरीवर मेडीगड्डा येथे मोठे धरण उभारले. २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पाणी तिकडे गेले आणि फुगवट्याचा त्रास अलीकडच्या काठावर सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांना झाला. तेलंगणा व्हावे की नाही, हे सिरोंचाला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. तरी त्याचा परिणाम सिरोंचाच्या बांधावर आला.

तिकडे जिवती तालुक्यात चौदा गावे अशी आहेत, की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगत आले. वाद न्यायालयापर्यंत गेला. दरम्यान गावकऱ्यांकडे दोन्हीकडची रेशनकार्डे आली, दोन्हीकडच्या शाळा आल्या, आणि दोन्ही राज्यांच्या निवडणुकांत मतदानही झाले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावे महाराष्ट्रातच पक्की करण्याची घोषणा केली. शहरातली माणसे या गावांची बातमी वाचून हसतात. मला त्यात हसण्यासारखे वाटत नाही. ज्यांना दोन सरकारे विचारतात, त्यांनाही 'तुम्हांला कुठे राहायचे आहे' हे सरळ विचारलेले नाही.

वेगळे झाल्याने काही मिळतच नाही, असेही नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. जिल्ह्याची कचेरी जवळ आल्याचा उपयोग झाला, हे कुणीही मान्य करील. पण सिरोंचापासून गडचिरोलीही दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून पुढे अहेरी जिल्ह्याची मागणी आली, इकडे चिमूर आणि ब्रह्मपुरीची आली. उद्या विदर्भ झाला आणि सगळे नागपुरातच साठले, तर भामरागड-एटापल्लीचा माणूस पुन्हा हेच विचारणार. कोळसा आमचा, लोखंड आमचे, वीज आमची, जंगल आमचे, मग निर्णय कुणाचा? मुंबईला विचारलेला हा प्रश्न नागपूरलाही चुकणार नाही.

लोकांना विचारायचे कसे, याची चांगली रीत याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा हे छोटे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे ते देशभर माहीत झाले. २००९ मध्ये त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही, सर्वसहमतीने करते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत. तोवर अभ्यास गटात बसून बोलायचे, माहिती घ्यायची, शंका काढायच्या.

एवढ्या मोठ्या राज्याला ही रीत जशीच्या तशी लागू होणार नाही, हे मलाही कळते. पण तिच्यातला अर्धा भाग तरी घेता येईल. मत मागण्याआधी माहिती द्या. कर्ज किती, पाणी कुणाचे, वीज कुणाची, नोकऱ्यांचे काय, हे गावोगावी मांडा. गोंडी, माडिया, तेलुगू बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगा. काठावरच्या गावांना सर्वांत आधी विचारा, कारण परिणाम सर्वांत आधी त्यांच्याकडे पोहोचतो. ब्रिटनमध्ये निकालानंतर जी तळमळ झाली, तिच्यात 'आम्हांला हे आधी सांगितले नव्हते' ही तक्रार दोन्ही बाजूंनी होती.

विदर्भ वेगळा व्हावा की होऊ नये, यावर माझे एक मत आहे, जसे तुमचे असेल. ते आज इथे सांगत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हणालो, की आपल्याला अजून कुणी विचारलेले नाही हे खरे. पण ज्या दिवशी विचारतील, त्या दिवशी उत्तराची तयारी असली पाहिजे, आणि हरलेल्या शेजाऱ्यासोबत दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरण्याचीही.