शेणाच्या हिशेबाबाहेरचा किडा

शेणाचा जेवढा विचार वर्ध्यात झाला, तेवढा महाराष्ट्रात क्वचितच कुठे झाला असेल. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची इंदूर पद्धतीची खतनिर्मिती गांधीजींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मधून लोकांपुढे ठेवली, वर्ध्याच्याच मगनवाडीत अर्थतज्ज्ञ कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ होता, १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी गोसेवा संघ काढला आणि आयुष्याचे अखेरचे महिने त्यालाच दिले. शेण चुलीत जाळू नका, खड्ड्यात कुजवून शेताला द्या, ही या सगळ्यांची शिकवण योग्यच होती. पण तिची नजर गोठ्यावर होती. आर्वी-कारंजाकडच्या नंदगवळ्यांची गवळाऊ गुरे दिवसभर बरडावर, गायरानात, झुडपी जंगलात चरत. तिथे पडलेले शेण वाया गेले असे धरले जाई. माझ्या मते चराई टिकली ती बऱ्याच अंशी त्याच शेणावर, आणि ते जमिनीत नेणारा मजूर होता शेणकिडा.

पहिल्या पावसाने माती मऊ झाली की हे किडे शेणाच्या पोवाखाली भुयारे खणतात, शेणाचे गोळे खाली नेतात, त्यांत अंडी घालतात. त्यामुळे हवेत उडून जाणारे नत्र मातीत राहते, मुरमाड जमिनीत पाणी मुरते, माश्यांची आणि जंतांची पैदास घटते. हा किडा नसला तर काय होते, ते ऑस्ट्रेलियाने भोगले. १७८८ मध्ये तिथे गोऱ्यांबरोबर गुरे आली. तिथल्या किड्यांना सवय कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची. त्यामुळे गुरांच्या शेणाचे पोव महिनोनमहिने पडून राहत, भोवतालच्या गवताला गुरे तोंड लावत नसत, माश्या मातत. अखेर जॉर्ज बोर्नेमिसा या शास्त्रज्ञाच्या आग्रहावरून १९६८ पासून परदेशी शेणकिडे आणून सोडावे लागले.

यावर कोणी म्हणेल, गायरानातले शेणही बायाबापड्या गोवऱ्यांसाठी वेचून नेतच होत्या, मग किड्याला उरले काय? उन्हाळ्यापुरते हे खरे आहे. पावसाळ्यात मात्र गोवरी वाळत नाही, माणसे पेरणी-निंदणात गुंतलेली असतात, आणि किड्याचा हंगाम नेमका तोच. खड्ड्यातले खत अधिक भरवशाचे, हा आक्षेपही शेतापुरता मान्य. पण गायरानावर खताची बंडी कोण रिकामी करतो?

आज अडचण औषधाची आहे. आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणातल्या अळ्या मारतो. जंतनाशक देण्याची रीत पावसाच्या तोंडावरची, म्हणजे किडे बाहेर पडतात तेव्हाचीच. म्हणून जनावराला औषधच देऊ नये, असे कोणी सुचवू नये. जंतांनी खंगलेले वासरू कुणाच्या कामाचे नाही. शेण तपासून ज्याला गरज आहे त्यालाच औषध द्यावे, त्या जनावराला काही दिवस गोठ्यात बांधावे आणि त्याचे शेण खड्ड्यात टाकावे. खड्डा कसा भरायचा, हे वर्ध्याला नव्याने शिकवावे लागणार नाही.