अकिलीजची शिष्टाई : ‘इलियड’च्या नवव्या सर्गांतील गाळलेल्या ओळी

होमरच्या ‘इलियड’ काव्याचा नववा सर्ग म्हणजे एका फसलेल्या शिष्टाईची हकीकत होय. सेनापति आगामेम्नॉन यानें अकिलीजला मानाचा वांटा म्हणून मिळालेली ब्रिसेईस हिरावून घेतली. अकिलीज रुसून आपल्या गोटांत बसला. आणि ट्रोजन सैन्य ग्रीकांच्या तटासमोर येऊन ठाकलें. तेव्हां वृद्ध नेस्टॉरच्या सल्ल्यानें फीनिक्स, एजॅक्स व ओडिसियस यांची रवानगी झाली.

आगामेम्नॉननें देऊं केलेल्या नजराण्याची याद लांबलचक आहे : ७ तिवया, १० टॅलंट सोनें, २० हंडे, १२ घोडे, लेस्बॉसच्या ७ स्त्रिया, खुद्द ब्रिसेईस; पुढें आपली एक कन्या व ७ नगरें. ओडिसियस ही याद अकिलीजपुढें जवळजवळ शब्दशः म्हणतो. वाचणारास ही पुनरुक्ति कंटाळवाणी वाटेल. पण दोन प्रती ताडून पाहण्याची ज्यास संवय आहे, त्यास येथें एक गोष्ट सहज आढळेल. मूळ भाषणाच्या शेवटच्या ४ ओळी (१५८ ते १६१) ओडिसियसनें गाळल्या आहेत. अकिलीजनें आपणांपुढें नमावें, कारण आपण अधिक थोर राजे व वयानेंही वडील, असा त्यांचा आशय. त्यांच्या जागीं ओडिसियस म्हणतो, सेनापति नकोसा असेल तर निदान इतर ग्रीकांची कींव कर. हा लेखकाचा हस्तदोष नव्हे, वकिलाचें चातुर्य आहे.

परंतु अकिलीज फसत नाहीं. मनांत एक ठेवून दुसरेंच बोलणाऱ्याचा आपणांस तिटकारा आहे, असें तो प्रथमच बजावतो. पुढें कन्या नाकारतांना, सेनापतीनें ‘अधिक थोर राजा’ असा दुसरा जांवई पाहावा, असें म्हणतो (ओळ ३९२). मूळांतील शब्द तोच, जो त्याच्यापासून लपविला होता! हा केवळ योगायोग असें आम्हांस वाटत नाहीं. नजराण्याबरोबर नम्रता आली नाहीं, हें त्यानें न ऐकतांच ओळखलें.

फीनिक्सच्या भाषणांत दुसरी पाठचर्चा उपस्थित होते. त्यानें एकदां पित्याच्या वधाचा विचार केला होता, असें सांगणाऱ्या ४ ओळी छापील आवृत्त्यांत ४५८ ते ४६१ या क्रमांकांनीं येतात. व्हेनिसच्या मार्सियाना ग्रंथालयांतील दहाव्या शतकांतल्या सुप्रसिद्ध पोथींत (जिच्या समासांतील टीपा व्हिल्वाझोन यानें १७८८ मध्यें प्रसिद्ध केल्या) त्या नाहींत. त्या केवळ प्लूटार्कच्या अवतरणामुळें वांचल्या. अरिस्टार्कसनें भयानें त्या काढून टाकल्या, असें प्लूटार्क म्हणतो. आम्हांस तें पटत नाहीं. संशयित ओळीस समासांत खूण करून ती जागीं ठेवणें, हाच त्या पंडिताचा परिपाठ होता. शिवाय दूत तिघे असतां १८२ पासून पुढें द्विवचनी रूपें येतात, हें संस्कृतज्ञ वाचकांस विशेष खटकेल. फीनिक्स मागाहून घुसडला गेला काय, हा वाद त्यावरूनच निघाला आहे.

शेवटीं बोलला एजॅक्स. त्याचें भाषण सर्वांत तोकडें, आणि परिणाम मात्र सर्वांत अधिक. अकिलीजनें ओडिसियसला उद्यां निघून जाण्याची धमकी दिली; फीनिक्सला, जावें कीं राहावें हें सकाळीं ठरवूं, असें सांगितलें; आणि एजॅक्सला, हेक्टर आपल्या जहाजांपर्यंत आल्यास आपण लढूं, असें कळविलें. ओडिसियसनें परत येऊन सेनापतीस त्यांपैकीं फक्त पहिलेंच उत्तर सांगितलें.